सरदार खाली उतरली

भोसरीच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं साचे करून उद्धवराव निवृत्त झाले, त्याला आता चार वर्षं होत आली होती. धाराशिवकडून ते या भागात आले तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. हेल्पर म्हणून लागले आणि मिस्त्री म्हणून बाहेर पडले. काळेवाडीच्या दोन खोल्या सोडून आता ते आणि अंबूबाई रावेतला लेकीच्या फ्लॅटमध्ये राहत होते. अकरावा मजला. खाली उतरायचं म्हटलं की लिफ्टची वाट बघा, आणि खाली उतरून तरी करायचं काय, हा प्रश्न होताच.

तिघांतली धाकटी लेक करिष्मा चाकणच्या एका कंपनीत डिझाइनचं काम करायची. सकाळी पावणेसातला कंपनीची बस पकडायची, ती संध्याकाळी दिवे लागल्यावर दारात. तिने सात महिन्यांपूर्वी घरात एक प्राणी आणला होता. येमेन देशातला कॅमेलिऑन. तळहातावर मावेल एवढा, हिरवा, डोक्यावर उंच तुरा, दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. विकणाऱ्याने सांगितलं होतं, नर आहे. वनखात्याकडे रीतसर नोंदणी केल्याचा कागद करिष्माने आधी आईवडिलांना दाखवला आणि मगच पिंजरा बैठकीत ठेवला. डोक्यावरचा तुरा फेट्यासारखा दिसतो म्हणून नाव ठेवलं सरदार.

"सरडाच आहे हा," अंबूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. "आमच्याकडं बाभळीवर ढीगभर असतात. त्याला घरात आणून दिवा कशाला लावायचा?"

पण दिवा लागला. चार फुटी जाळीचा पिंजरा, आत मनी प्लांटच्या दोन कुंड्या आणि जास्वंदीची एक, आडव्या-तिडव्या फांद्या, वर उबेचा बल्ब. गॅलरीत त्याच्या खाण्याच्या रातकिड्यांचा डबा. ते रातकिडे रात्रभर किर्र करायचे आणि अंबूबाई सकाळी उठून म्हणायच्या, "गावाकडं झोपल्यासारखं वाटतं बाई." ती तक्रार होती की कौतुक, ते उद्धवरावांना कधी कळलं नाही.

जानेवारीत करिष्माला दहा दिवसांच्या ट्रेनिंगसाठी चेन्नईला पाठवलं. जाताना तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. सकाळी पानांवर पाणी फवारायचं. आठ रातकिडे, त्यांना कॅल्शियमची पांढरी पावडर चोळून. सातला बल्ब बंद. "पप्पा, एवढंच करायचं. आणि त्याच्याकडे एकटक बघत बसू नका, त्याला आवडत नाही."

"मी कशाला बघत बसू?" उद्धवराव म्हणाले. आणि ती गेल्यापासून ते बघतच बसले.

पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी सरदारने आठातले दोनच रातकिडे खाल्ले. चौथ्या दिवशी एकही नाही. जीभ बाहेर काढायचं नाव नाही. पाणी मात्र भरपूर प्यायला. पानांवरून ओघळणारे थेंब चाटत पाच-पाच मिनिटं बसला. उद्धवरावांनी चष्मा लावून नीट पाहिलं, तर रंगही पालटलेला. एरवी कोवळ्या पोपटी रंगाचा हा जीव आता गर्द हिरवा झाला होता, आणि अंगावर हळदीच्या बोटांसारखे पिवळे ठिपके उठले होते, मधेमधे निळसर झाक.

एकतीस वर्षं भट्टीजवळ काढलेल्या माणसाला रंग कळतात. लोखंडाचा रस ओतायच्या लायकीचा झाला की नाही, हे ते लांबून रंगावरून सांगायचे. पण हा रंग काय सांगतोय ते त्यांना कळेना.

पाचव्या दिवशी सरदार खाली उतरला. सात महिन्यांत तो कधी पिंजऱ्याच्या तळाला आला नव्हता. आता मात्र तळावर गस्त घातल्यासारखा फिरत होता. कोपऱ्यात जाऊन जाळीवर नखं मारायचा, मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग जास्वंदीच्या कुंडीत चढला आणि पुढच्या दोन पायांनी माती उकरू लागला.

"अहो, आलात का जरा?" उद्धवरावांनी हाक मारली. एरवी बायकोला ते नुसतं "अगं" म्हणत. काळजीत पडले की "अहो" निघायचं.

अंबूबाई हात पुसत आल्या. वाकून पाहिलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. सरदारच्या कुशी फुगल्या होत्या, आणि कातडीखाली काहीतरी गोळ्या-गोळ्यांसारखं दिसत होतं, पिशवीत वाटाणे भरावेत तसं.

"पोटुशी आहे," त्या म्हणाल्या.

"काहीतरी बोलू नकोस. सरदार आहे तो."

"असू दे की. सरदार पोटुशी आहे."

"नर आहे गं तो! करिष्मानं विचारून आणलाय."

"विकणाऱ्याला विचारून आणलाय. सरदारला विचारलंय का?" असं म्हणून त्या पुन्हा कणकेकडे गेल्या.

उद्धवराव पिंजऱ्यासमोर स्टूल घेऊन बसले. सरदारने कुंडीत बोटभर खोल खड्डा केला होता. कडेची माती सुटून आत आली. तो थांबला, पुन्हा उकरलं, पुन्हा माती ढासळली. मग तो बाहेर आला आणि मनी प्लांटच्या कुंडीत गेला. तिथेही तेच. थोडं उकरलं, थांबला, सोडून दिलं. तिसऱ्या कुंडीत मुळंच मुळं होती. तिथे तर नुसतं नख लावलं आणि मागे फिरला.

हे बघता बघता उद्धवराव स्टुलावरच ताठ झाले. ही तऱ्हा त्यांच्या ओळखीची होती. सकाळी शिफ्टला आल्यावर ते स्वतः असंच करायचे. या ढिगातली मूठभर वाळू घे, दाब, सोड. त्या ढिगातली घे, दाब, सोड. साचा धरणार नाही अशी वाळू असली की नाक मुरडून पुढे जायचं. हा जीव चळला नव्हता, आजारीही दिसत नव्हता. त्याला काहीतरी बांधायचं होतं, आणि घरातला माल त्याच्या पसंतीला उतरत नव्हता.

"अंबू," ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "तुझं खरं असेल बहुतेक."

"बहुतेक?" त्या म्हणाल्या.

करिष्माने कागदाच्या तळाशी डॉक्टरांचा नंबर लिहून ठेवला होता. पिंपळे गुरवला डॉ. जयमाला म्हणून एक बाई पक्षी, कासवं असले प्राणी तपासायच्या. उद्धवरावांनी भाकरीची वेताची टोपली घेतली, आत फांदी बसवली, वरून अंबूबाईंची जुनी सुती साडी बांधली आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "काका, कोंबडं हाय का?" "सरदार आहेत," उद्धवराव म्हणाले, आणि मग सगळ्या वाटेत त्यांनाच हसू येत राहिलं.

डॉक्टरबाई तिशीच्या आत-बाहेरच्या, बारीक अंगाच्या. त्यांनी सरदारला हातावर घेतलं आणि सगळ्यात आधी मागचा पाय उलटा करून पाहिला.

"काका, याच्या टाचेमागे काटा नाही."

"काटा मोडला की काय?"

"नाही हो. नराला जन्मतःच इथे काट्यासारखा उंचवटा असतो. मादीला नसतो. ही मादी आहे."

घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, याचा उद्धवराव विचार करत होते.

बाईंनी दोन बोटांनी पोट अलगद चाचपलं. मग एक्स-रे काढला. पडद्यावर एवढ्याशा देहात ओळीने गोल गोल सावल्या दिसत होत्या, एकमेकींना चिकटून, जागा मिळेल तशा बसलेल्या.

"किती आहेत हो ही?"

"तीस तरी असतील. जास्तच."

"पण डॉक्टर," उद्धवराव जरा खाली बघत म्हणाले, "घरात दुसरा नाही. ही एकटीच असते."

"कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं घालते ना? तसंच. यातून पिल्लं निघणार नाहीत. पण अंडी बाहेर तर आलीच पाहिजेत." मग बाईंनी समजावून सांगितलं. खाणं सुटणं, पाणी जास्त पिणं, अंगावर ठिपके उमटणं, फांदी सोडून खाली येऊन फिरणं आणि उकरणं, ही सगळी दिवस भरल्याची लक्षणं. डोळे टवटवीत आहेत, पकड घट्ट आहे, म्हणजे आत्ता तब्येत उत्तम. "पण जागा मनासारखी मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते. मग ती आत अडकतात. दिवसा डोळे मिटून बसली, पाय लटके पडले, तळाशी नुसती पडून राहिली, की समजा उशीर झाला. तसं दिसलं तर लगेच घेऊन या. नाहीतर आज-उद्यात तिला जागा करून द्या."

"कसली जागा?"

"मोठा टब. त्यात फूटभर ओली वाळू. पण ती ओली कशी पाहिजे, ते सांगणं जरा कठीण आहे. लोकांचं तिथेच चुकतं. चिखल नको. कोरडीही नको. ती आत बोगदा खणते. तो बोगदा ढासळता कामा नये, आणि तिच्या नखांना..."

"डॉक्टर," उद्धवराव उठून उभे राहिले. चार वर्षांत त्यांचा आवाज असा निघाला नव्हता. "बाकी सगळं सांगा. वाळूचं मला सांगू नका."

घरी आल्या आल्या त्यांनी चेन्नईला फोन लावला. सकाळच्या चहाची सुट्टी असावी, मागे कपांचा आवाज येत होता. सगळं ऐकून करिष्मा ओरडली, "सरदार मुलगी आहे?" मागचे लोकही हसले बहुतेक. मग तिचा आवाज बारीक झाला. "पप्पा, मी तिची टाचसुद्धा कधी बघितली नाही. तिला काही होणार नाही ना?"

"तू तुझं ट्रेनिंग कर. हे माझं काम आहे."

अंबूबाई एवढंच म्हणाल्या, "मी म्हटलं होतं." आणि दिवसभरात ते त्या आणखी तीनदा म्हणाल्या.

आता वाळू. सोसायटीच्या मागे एक टॉवर उठत होता. तिथल्या वॉचमनने बादलीभर वाळू घेऊ दिली. उद्धवरावांनी तिथेच मूठ भरली, तळव्यावर चोळली आणि परत ढिगावर टाकली. क्रश सँड. दगड फोडून केलेली. कडा धारदार, वर भुकटीच भुकटी. या वाळूत बोगदा करायचा म्हणजे त्या जिवाची नखं सोलायची. जुन्या फाउंड्रीत फोन केला असता तर वाळू टेम्पो भरून मिळाली असती, पण तिच्यात कोळशाची पूड असते. ती त्यांनी मनातच रद्द केली. पाहिजे होती नदीची वाळू, गोल दाण्याची, जुनी. ती आजकाल मिळते कुठे?

तेव्हा त्यांना गेनू आठवला. गेनू कुरुळीचा शेतकरी. बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली वाळू मळायला होता, शिफ्ट संपली की कांद्याच्या वावरात जायचा. आठ वर्षांपूर्वी त्याने घर बांधलं, तेव्हा गोठ्यामागे उरलेल्या वाळूचा ढीग उद्धवरावांनी वास्तुशांतीला गेल्यावर पाहिला होता. जेवणापेक्षा ती वाळूच त्यांच्या जास्त लक्षात राहिली होती.

"गेनू, ती गोठ्यामागची वाळू आहे का?"

"हाय की. ताडपत्रीखाली हाय. काय बांधताय, मिस्त्री?"

"बाळंतिणीची खोली."

"करिष्माची? लगीन कवा झालं? आमाला बोलावलं न्हाई..."

"अरे तिची नाही! तिच्या सरड्याची!"

गेनू असा हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. पण तासाभरात, मोशीच्या सिग्नलला अडकत अडकत, तो मोटारसायकलवर दोन पोती आडवी टाकून रावेतला हजर झाला. लिफ्टमधून पोती वर नेताना एका बाईंनी विचारलं, "अंकल, रिनोवेशन का?" गेनू गंभीरपणे म्हणाला, "व्हय, मॅटर्निटी वार्ड."

बाथरूममध्ये दोघांनी वाळू पिठाच्या चाळणीने चाळली. त्या चाळणीबद्दल अंबूबाई काय म्हणाल्या ते इथे सांगण्यात अर्थ नाही. मग तीन पाण्यांनी धुतली, वरून उकळतं पाणी ओतलं म्हणजे किडामुंगी राहायला नको, आणि गॅलरीत जुन्या चादरीवर पसरली. जानेवारीचं ऊन कोवळं, पण वारा होता. दुपारी चारपर्यंत वाळू बेताची सुकली.

मग उद्धवराव गुडघे मोडून बसले. हाताने पाणी शिंपडायचं, वाळू खालवर करायची, पुन्हा शिंपडायचं. गेनू समोर बसून तेच करत होता. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. थोड्या वेळाने उद्धवरावांनी मूठ भरली, आवळली, उघडली. वाळूचा गोळा तळव्यावर तसाच उभा, त्यावर चारही बोटांचे ठसे. दोन्ही हातांनी मधोमध मोडला, तर कडा न भुरभुरता सुरीने कापल्यासारखा दुभंगला.

"जमली," गेनू म्हणाला.

"अजून चिमूटभर पाणी. इथं रस ओतायचा नाही, गेनू. इथं जीव जायचाय आत."

टब भरताना दोघांचं पहिलं भांडण झालं. गेनू सवयीने मुठीने ठोकायला लागला. "हळू!" उद्धवराव ओरडले. "साचा नाही करायचा. तिची नखं चालली पाहिजेत." "मंग सैल सोडली तर ढासळंल की!" "सैल नको, नुसती बसव." शेवटी उद्धवरावांनी अंबूबाईंचं लाटणं मागितलं, वाळूत तिरकं खुपसलं आणि फिरवत फिरवत बाहेर काढलं. आत गुळगुळीत भोक तसंच राहिलं. दोघांनी डोकं लावून आत पाहिलं. एक दाणाही सुटला नव्हता.

"लाटणं धुऊन द्या," अंबूबाई म्हणाल्या. "साबणानं."

टब पिंजऱ्यात तळाशी बसवला, वरून उतरायला फांदी टेकवली आणि पिंजऱ्याभोवती चादर गुंडाळली, वरचा बल्ब तेवढा उघडा ठेवून. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं: तिला बघणारं कुणी नको. कुणी बघतंय असं वाटलं की ती काम सोडून देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास चादरीमागून आवाज यायला लागला. खर्र, खर्र. वाळूवर नखांचा. उद्धवराव सोफ्यावर पेपर धरून बसले होते. पेपर उलटा होता की सुलटा, देव जाणे. अर्धा तास त्यांनी दम धरला. मग उठले, चवड्यांवर गेले आणि चादरीची कड एक बोटभर बाजूला केली.

ती टबात होती. अर्धी आत, पाठ बाहेर. मागचे पाय वाळू बाहेर लोटत होते. काय सफाईचं काम! तेवढ्यात तिचा एक डोळा मागे वळला आणि थेट त्यांच्यावर येऊन थांबला. पाय थांबले. हळूहळू ती मागे सरकली, बोगद्यातून बाहेर आली, फांदीवरून वर चढली आणि अगदी टोकाला पाठ करून बसली.

साडेदहा वाजले. अकरा वाजले. आवाज नाही. उद्धवरावांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"उकरत होती, मधेच थांबली," त्यांनी सांगितलं.

"कोणी बघितलं का तिला?"

उद्धवरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका?"

"एकदाच," ते म्हणाले. "एवढंसं."

"हरकत नाही. वाळू पसंत पडली असेल तर परत उतरेल. पण आता तुम्ही घरातून बाहेर जा बघू."

असा घरातून हाकलला गेलेला माणूस लिफ्टने खाली आला. गेनूला फोन करून बोलावलं. "वाळू कमी पडली का?" "नाही. माझ्यावर पहारा ठेवायला ये." गेनू आला, आणि सोसायटीच्या बागेत घसरगुंडीशेजारच्या बाकावर दोघे बसले.

आयुष्यभर उद्धवराव साचा झाला की त्याच्याजवळ उभे राहायचे. रस ओतताना, थंड होताना, साचा फोडताना. आपल्या कामापासून असं उठून लांब बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते दर पाच मिनिटांनी वर अकराव्या मजल्याकडे बघत होते. तिथे गॅलरीत टॉवेल वाळत होता, एवढंच दिसत होतं.

"मिस्त्री, माझ्या बायकूच्या बाळंतपणाच्या टायमाला बी तुमी मला शिफ्टवर हितंच बस म्हणला होता," गेनू म्हणाला. "आता बसा तुमी बी."

बाराला करिष्माचा व्हिडिओ कॉल आला. "पप्पा, कॅमेरा पिंजऱ्याजवळ न्या ना, एकदाच बघते."

"नाही."

"फक्त एक सेकंद!"

"एका सेकंदानंच घोटाळा झालाय. मलाही बाहेर काढलंय. घसरगुंडीपाशी बसलोय बघ." त्यांनी कॅमेरा फिरवून घसरगुंडी दाखवली. गेनूने हात हलवला. करिष्मा चेन्नईत कुठल्यातरी जिन्यात उभी राहून पोट धरून हसली.

पाऊण वाजता अंबूबाईंचा फोन आला. त्या कुजबुजत होत्या. "लागली परत कामाला."

"तू बघितलंस?"

"मी नाही बघत. भाजी निवडतेय. ऐकू येतंय."

मग दर अर्ध्या तासाने बातमी यायला लागली. "चालू आहे." "जोरात चालू आहे." "थांबली." "परत चालू." गेनूने दुपारी वडापाव आणले आणि दोघांनी बाकावरच खाल्ले. चार वाजता अंबूबाई म्हणाल्या, "आवाज बंद आहे. लई वेळ झाला." उद्धवराव उठले, गेनूने सदरा धरून परत बसवलं. संध्याकाळी सातला बल्ब बंद करायची वेळ झाली, तेव्हा ते वर गेले आणि चादरीकडे पाठ करून, हात मागे नेऊन, आंधळ्यासारखं चाचपत बटण दाबलं. फांदीवर कुणी आहे की नाही, तेही पाहिलं नाही. ती रात्र ती बहुधा आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आवाज पुन्हा सुरू झाला. पण हा आवाज वेगळा होता. उकरण्याचा नव्हे. थप, थप, मग सरकवल्यासारखं, मग पुन्हा थप. बागेत जायला निघालेले उद्धवराव दारात चप्पल घालता घालता थबकले.

"अंबू, ऐकलंस? ती बुजवतेय. वाळू परत भरून वरून ठोकतेय."

"म्हणजे झालं?"

"झालं असेल तरच ठोकेल ना!"

तरी ते खाली गेले. दिलेला शब्द मोडायचा नव्हता. साडेअकराला अंबूबाई स्वतः लिफ्टने खाली आल्या, पायात चप्पल नाही, हाताला पीठ. "चला वर. वरच्या फांदीवर येऊन बसलीय. चादरीवर तिची सावली दिसतेय."

तिघे वर गेले. उद्धवरावांनी चादर सोडली.

ती उबेच्या बल्बखाली बसली होती. एवढी बारीक की ओळखू येऊ नये. कुशी आत गेलेल्या, कातडी सैल, नाकावर आणि तुऱ्यावर ओली वाळू चिकटलेली. पण डोळे टक्क उघडे, आणि एक तर थेट उद्धवरावांवर. आणि खाली टबात? टबात काहीच झालेलं नव्हतं. सपाट वाळू, भोक नाही, ढिगारा नाही, कुठून शिरली त्याची खूणसुद्धा नाही.

उद्धवरावांनी वाकून पृष्ठभाग पाहिला. मग हळूच बोट टेकवलं. सगळीकडे सारखी बसलेली. "गेनू," ते म्हणाले, "एवढं साफ फिनिशिंग आपल्या शॉपमध्ये कुणाचं होतं रे?"

"कुणाचंच न्हाई," गेनू म्हणाला. "तुमचं बी न्हाई."

पाणी फवारलं तशी ती पानाला तोंड लावून प्यायला लागली. किती वेळ प्याली! दहा मिनिटं तिघे नुसते उभे राहून तिला पाणी पिताना बघत होते. मग उद्धवरावांनी पावडर चोळलेला एक रातकिडा चिमट्यात धरून पुढे केला. तिने मान वाकडी केली. दोन्ही डोळे एकत्र पुढे आले. आणि सट्कन जीभ सुटली. अंबूबाई एवढ्या जोरात "आली!" म्हणाल्या की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. एक, दोन, पाच, अकरा रातकिडे गेले. बाराव्याला तिने तोंड फिरवलं.

डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, अंडी काढून टाका, पोट मोकळं झालं का बघायला परवा घेऊन या, आणि पंधरा दिवस खाणं-पाणी चांगलं ठेवा. म्हणून दुपारी उद्धवराव आणि गेनू चमचे घेऊन टबाजवळ बसले. थराथराने वाळू काढत गेले. टबाच्या तळाशी, एका बाजूला, तिने अंडी ठेवली होती. पांढरी, लांबट, चिंचोक्याहून जरा मोठी, मऊ सालीची. एकमेकांना टेकून नीट रचलेली. उद्धवराव एकेक उचलून ताटलीत ठेवत होते आणि गेनू मोजत होता. एक्केचाळीस.

"एक्केचाळीस!" अंबूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "माझी तीन झाली तर मी वर्षभर पुरे पुरे म्हणत होते." आणि त्या तडक आत जाऊन डिंकाचे लाडू करायला लागल्या. तिला ते चालणार नाहीत हे उद्धवरावांनी सांगितल्यावर म्हणाल्या, "तिच्यासाठी नाहीत. तिच्या नावानं आहेत."

ट्रेनिंगचे शेवटचे दोन दिवस करिष्माचं लक्ष कशात होतं कोण जाणे. शनिवारी विमानतळावरून ती थेट घरी आली, बॅग दारातच टाकली, हात धुतले आणि पिंजऱ्याचं दार उघडून हात आत धरला. सरदारने जरा विचार केला. मग एक पाय पुढे, डुलत डुलत दुसरा, अशी ती करिष्माच्या मनगटावर चढली. पोट अजून लहान होतं, पण रंग पुन्हा कोवळा पोपटी झाला होता.

"आता हिचं नाव बदलायचं का, पप्पा?"

"कशाला? सरदारच राहू दे. कामगिरी केलीय तिनं."

करिष्माने तिला उचलून वडिलांच्या खांद्यावर ठेवलं. उद्धवराव हलले नाहीत. ती बाहीवरून वर आली, कॉलरजवळ थांबली, एक डोळा बाहेर गॅलरीकडे आणि एक त्यांच्या कानाकडे. तिची नखं सदऱ्यातून किंचित रुतत होती. गेनू लाडू खाता खाता म्हणाला, "मिस्त्री, मान वळवू नगा, पडंल."

"नाही वळवत," उद्धवराव ओठ न हलवता म्हणाले. "पण एक लाडू माझ्या तोंडात घाल कुणीतरी."